आतून पुसायची काच

रघू : बाबाची काठी ठेवलीयस का गं, बाय? का चुलीत घातलीस?

मनुबाई : काठी? आत्ता कुटं उजाडलं, तर काठी कशाला? कुनाला हानायची हाय? आन् तू हितं कसा? धरमतरच्या धक्क्यावर बोट लागायची येळ झाली, मोटार अजून गाडीखान्यातच!

रघू : आज बोटीला न्हाय जात मी. ही घे चावी. दाजी उठले की त्यांच्या हातात दे. सांग, रघूनं परत दिली.

मनुबाई : मी न्हाय घेत. मोटार माज्या नवऱ्याची, डायवर तू. तुमच्या दोगांच्या मधी मी कशाला? भांडलात का काय?

रघू : न्हाय गं. दाजींचा काय दोष न्हाय.

मनुबाई : मंग?

रघू : तू काठी दे आदी.

मनुबाई : बस त्या ओट्यावर. बस म्हनते ना! मोठी बहीन हाय मी तुजी, अजून कान पिळीन. आता बोल.

रघू : बाबाला डोळ्यांचं झालं, तवा पयल्यांदा काय म्हनायचा तो? मी मुंबैला होतो, शेठच्या मोटारीवर. तू हितं होतीस.

मनुबाई : म्हनायचा, मिठागरावर धुकं आलंय. भर चैतात. आमी हसायचो. कुटलं धुकं, टळटळीत ऊन! उभा जन्म त्या पांढऱ्या मिठावर काढला त्यानं. वरनं ऊन, खालनं पन ऊन. मंग एक दिवस बांध सोडून सरळ वाफ्यात चालत गेला, तवा कळलं आमाला. तुला हे आजच का आठवलं?

रघू : मला आलंय धुकं.

मनुबाई : काय?

रघू : ऐकलंस ना. सारखं सारखं न्हाय बोलवत मला.

मनुबाई : कवापासनं?

रघू : पाऊस लागला तवापासनं. पहाटंच्या फेरीला. चाकावर बसलो की पुढचं सगळं पांढरं. झाडं पांढरी, रस्ता पांढरा. पयलं वाटलं काचंवर पानी हाय. काचंवरचं पानी काढायची दांडी फिरवली. उतरून फडकं मारलं, काच चकचकीत केली. परत आत बसलो, तर धुकं हाय तितंच. मंग काय उरलं? डोळंच ना?

मनुबाई : दिवसाचं दिसतं?

रघू : ऊन चढलं की दिसतं. बाबाला पन आदी सकाळचंच व्हायचं. तूच सांगितलेलंस.

मनुबाई : सांगितलेलं.

रघू : कालपरेंत मी रेटलं. म्हनलं, रस्ता पाठ हाय, हारन वाजवत जाऊ. काल पोयनाडच्या अलीकडं केसर कोळीन येत होती. डोक्यावर पाटी. मी बगितलीच न्हाय तिला, बाय. ती बोंबलली म्हनून बिरेक मारला. पाटी उलथली, सगळं म्हावरं रस्त्यावर. तिच्या लुगड्याला चाक घासलं.

मनुबाई : अगो बाय! लागलं तिला?

रघू : न्हाय. खरचटलं पन न्हाय. मी खाली बसून म्हावरं गोळा केलं. ती म्हनाली, मेल्या, सकाळीच पिऊन आलास काय. मला बरं वाटलं.

मनुबाई : बरं वाटलं?

रघू : आंदळा म्हनन्यापरीस बेवडा म्हनाली, ते बरं. पन परत चाक न्हाय धरनार मी. काल ती वाचली. उद्या दुसरं कोन वाचंल न वाचंल. म्हनून काठी दे. आत्ताच सवय करतो. नंतर चाचपडताना लोकं बगतात.

मनुबाई : ऊठ.

रघू : काठी?

मनुबाई : काठी गेली उडत. ऊठ, आन् हितं उभा ऱ्हा. समोर खाडीच्या बांधावर काय हाय?

रघू : बगळा.

मनुबाई : कसा हाय?

रघू : एका पायावर उभा हाय. मान आत घेतलीय.

मनुबाई : आन् म्हनं धुकं! तो एका पायावर हाय ते मला सोताला आत्ता कुटं कळलं.

रघू : हितं वारा हाय. वारा लागला की डोळं निवतं. मोटारीत बसलो की येतं. मी काय खोटं बोलतो?

मनुबाई : मंग मोटारीत बस. चल. मी पन बसते तुज्या बाजूला.

रघू : पुढं? दाजी पुढं कुनाला बसू देत न्हाईत. मामलेदाराला पन मागं बसवलं.

मनुबाई : दाजी घोरतात. दार उघड गाडीखान्याचं, पुरं उघड. मोटारीचं तोंड बांधाकडंच हाय ना? हां. बस आता. ही कडी कशी काढायची? ... आई गं, मोटारीत पुढं बसायला मी चार वरसं थांबले. बरं, बग आता. बगळा दिसतो?

रघू : न्हाय. बग, आलं ना! कुटला बगळा आन् कुटला बांध. सगळं पांढरं.

मनुबाई : रघू.

रघू : काय?

मनुबाई : मला पन न्हाय दिसत.

रघू : काय म्हनतेस?

मनुबाई : मला पन काय दिसत न्हाय. म्हंजे माजं पन डोळं गेलं म्हन की! रातच्याला चिमणीच्या उजेडात तांदळातला खडा वेचते मी. उतर खाली. बाहेरनं पूस काच. मी आतच बसते.

रघू : पुसतो... पुसली. आता?

मनुबाई : तसंच.

रघू : थांब, जोर लावतो.

मनुबाई : तसंच हाय. अरं, नुसता घासू नको, ऐक माजं. तुजं फडकं काचंवर फिरतंय, पन मला ते धुकट धुकट दिसतंय. म्हंजे धुकं फडक्याच्या अलीकडं. माज्या बाजूला.

रघू : काच बाहेरनं भिजती, बाय. पाऊस काय आत पडतो?

मनुबाई : मंग ही तुळस कुनी काढली?

रघू : कसली तुळस?

मनुबाई : ही, माज्या बाजूच्या काचंवर. बोटानं काढलीय. खाली वृंदावन पन हाय.

रघू : ती होय. परवा आक्षीच्या मास्तरांची बाई होती, तिच्या पोरीनं मागनं पुढं वाकून काढली असंल. दुपारी दिसत नव्हती. मी हात न्हाय लावला. आतल्या काचंला बोट लावायचं न्हाय, डाग पडतात, असा दाजींचा हुकूम हाय.

मनुबाई : आन् पोरगी बसलेली कुटं? बाहेर टपावर का आत?

रघू : आत.

मनुबाई : मंग तिचं बोट लागलं कुटं?

रघू : आतनं... पूस, बाय. पदरानं पूस. हुकूम गेला खड्ड्यात.

मनुबाई : पुसली. ये आत. बस चाकावर. बग.

रघू : बसलो.

मनुबाई : बगळा दिसला? 

रघू : दिसला. थांब जरा.

मनुबाई : रडतोस?

रघू : व्हय, रडतो. तुला काय सांगू! म्हैनाभर झोपलो न्हाय मी. रातचा दिवा मालवून घरात फिरत होतो, भिंत धरून. मोरी कुटं, माठ कुटं, दार कुटं, सगळं पाठ करत होतो. बायको उठली की सांगायचो, पानी प्यायला उठलोय.

मनुबाई : येडा का खुळा तू! आन् काच आतनं पुसायचं सुचलं न्हाय?

रघू : दाजींच्या जुन्या कापडी टपाच्या मोटारीत आत-बाहेर एकच होतं. सगळीकडनं वारा. मिठाच्या सत्याग्रहाच्या सालापासनं ती चालवली, तिची काच कवा आतनं भिजली न्हाय. ही बंद मोटार आली औंदा. आन् बाबाचं डोक्यात बसलेलं. मानूस आदी आपल्यालाच दोष देतो.

मनुबाई : तू देतोस. तुजे दाजी कवा देत न्हाईत. पूस नाक. आता मला सांग, हे पानी आलं कुटनं?

रघू : आपुन दोगं आत बसलो, श्वासाचं असंल.

मनुबाई : आपुन आत्ता बसलो. काच आदीच भिजलेली. भाताच्या झाकनाला घाम येतो, तो भातातल्या पान्याचा. हितं आत काय शिजतंय ते बग.

रघू : छत गळतं म्हनावं, तर वरचं कापड कोरडं हाय. दाराच्या फटी... न्हाय, हितनं पन न्हाय. पायाखाली बग. ही काथ्याची चटई.

मनुबाई : अगो! पिळली तर धार लागंल. उतारूंचं पाय ओलं असतील.

रघू : मागं बसतात उतारू. ही माज्या पायाखालची. आन् चिकट लागतीय.

मनुबाई : चाटून बग.

रघू : चटई?

मनुबाई : बोट लाव आन् जिभेला लाव. आगऱ्याचा पोर ना तू?

रघू : खारट! चांगलं कडक खारट. खाडीच्या पान्याहून जास्ती.

मनुबाई : मोटार कवा खाडीतनं काढलीस?

रघू : न्हाय, आईशप्पत न्हाय. पन गादीखाली... बाय, गादीखाली दाजींनी काय तरी ठेवलंय. मला म्हनाले, तू हात लावू नको.

धर्माजी : कशाला हात लावायचा नाही ते आता सांगतो तुम्हाला! मनू! तू पुढं बसलीस? आणि काचेला हे काय फासलंस?

मनुबाई : उठलात? बरं झालं. गादी उचला.

धर्माजी : आधी खाली उतर. मुंबईच्या पारशाकडून घेतलेली मोटार आहे ती, बैलगाडी नाही. आणि रघू, तू अजून इथंच? बोट काय तुझ्यासाठी थांबणार आहे?

रघू : दाजी, गादी उचला.

धर्माजी : दोघांनी मिळून काय खाल्लंय सकाळी? घ्या, उचलली. काय आहे? मीठ आहे. माझ्याच आगरातलं, चोख, पहिल्या काढणीचं. दोन पोती पुढं, दोन मागं.

मनुबाई : मोटारीत मीठ?

धर्माजी : तुला नाही कळणार. मोटारीचा दलाल म्हणाला, शेठ, दर्याकाठी पावसात बंद मोटारीच्या गाद्यांना बुरा येतो, ओल ओढणारं काहीतरी ठेवा, कोळसा ठेवा. मी म्हटलं, मिठागरवाल्याला कोळसा शिकवतोस? ओल ओढण्यात मिठाच्या वर काय आहे दुनियेत?

मनुबाई : आन् बुरा गेला?

धर्माजी : जाईल. आधी एक-एक पोतं होतं, तेवढ्यानं भागेना, म्हणून आणखी एक-एक टाकलं.

रघू : पोत्याला हात लावून बगा, दाजी.

धर्माजी : ओलं आहे. असणारच. ओल ओढली म्हणजे ओलं होणारच, बरोबर आहे ना?

रघू : बरोबर हाय. पन वडलेलं पानी त्यानं ठेवलं कुटं? पोत्यात. पोत्यातनं गळालं चटईत. दिवसा मोटार धक्क्यावर उभी, पावसाची उघडीप झाली, ऊन लागलं, की तेच पानी वर. रातच्या काचा बंद, गार पडल्या, की तेच काचंवर.

धर्माजी : मिठाचं तू मला सांगू नकोस. तीन पिढ्या आम्ही मीठ पिकवतो.

मनुबाई : पिकवता ना? मंग पावसाळ्यात तुमच्या मिठाच्या राशी बंद खोलीत ठेवता का? वर पेंढा घालता, खालनं पानी जायला चर मारता. चर कशाला मारता?

धर्माजी : मिठाला पाणी सुटतं म्हणून.

मनुबाई : मोटारीत चर कुटं हाय?

धर्माजी : मोटारीला कुणी चर मारतं?

मनुबाई : माजी मिठाची बरनी चुलीच्या वर टांगलेली असती. तुमीच खिळा मारून दिलाय. चार पोती मीठ आन् वर काचा गच्च बंद! लोनच्याची बरनी झालीय ही. आपुन आत मुरतोय.

धर्माजी : बस, बस. कळलं. एवढं चढून बोलायला नको. काच जरा धुरकट होते, झालं. फडकं मारायचं आणि जायचं. त्यासाठी बोट चुकवलीस, रघू?

मनुबाई : जरा धुरकट? सांग त्यांना. थांब, मी सांगते. ही चावी बगा. ओट्यावर पडलीय. हा तुमाला परत द्यायला आला होता. बाबासारखं डोळं चाललं म्हनून. आन् माज्याकडं बाबाची काठी मागत होता.

धर्माजी : काठी?

मनुबाई : काल केसर कोळनीच्या अंगावर मोटार जात होती. दिसलीच न्हाय ती ह्याला. वाचली म्हनून वाचली.

धर्माजी : रघू, हे खरं?

रघू : व्हय.

धर्माजी : एक महिना तू असा चालवत होतास? आणि मला बोलला नाहीस?

रघू : बोललो असतो, तर तुमी दुसरा डायवर आनला असता.

धर्माजी : आणला असता. खोटं कशाला बोलू?

रघू : म्हनून न्हाय बोललो. ते पन चुकलंच माजं. उतारू होते आत.

धर्माजी : दुसरा आणला असता, आणि माझ्या मिठानं त्याच्याही डोळ्यांपुढं धुकं आणलं असतं. त्यालाही मी काढला असता. आणि तू घरात भिंती चाचपत बसला असतास.

मनुबाई : ते तुमाला कुनी सांगितलं?

धर्माजी : ह्याची बायको सांगत होती परवा, रात्रीचा उठतो, भिंत धरून फिरतो. मला वाटलं, दारूचा नाद लागला. मी नजर ठेवून होतो... मलाच नीट दिसलं नाही. उतरव ती पोती. मागची पण. मी धरतो एक टोक.

रघू : तुमी नका, दाजी. मी काढतो.

धर्माजी : धर म्हणतो ना! माझं मीठ आहे, मीच उचलतो. हळू! फाटलं... गेलं सगळं खाली. पाय नको ठेवू, मिठावर पाय नको ठेवू! सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं.

मनुबाई : वेचा तुमी. ह्याचं डोळं राहिलं, तुमच्या पापन्या गेल्या तर जाऊ देत.

(तिघेही वाकून ओंजळीनं मीठ गोळा करतात.)

धर्माजी : आता ह्याचं करायचं काय? ओलं मीठ व्यापारी घेत नाही. खाडीत टाकायला हात धजत नाही.

मनुबाई : केसरच्या घरी पाठवा. म्हावरं खारवायला तिला ओलंच चालतं.

धर्माजी : आणि तिला सांगू काय?

मनुबाई : हाय ते सांगा. माज्या मिठानं तुजी पाटी पाडली, आन् माजा मेव्हना पिलेला नव्हता.

धर्माजी : मी जाऊन सांगू? कोळवाड्यात?

मनुबाई : मंग काय मामलेदार सांगंल?

धर्माजी : बरं. जातो दुपारी. चटया काढ, रघू. चुलीपाशी वाळत घाल, मनू. गाद्यांखाली काय घालायचं आता? म्हणतेस तर कोळसा.

मनुबाई : काय घालू नका. काचा उघड्या ठेवा. वारा काय इकत घ्यावा लागतो?

रघू : आतनं कोरड्या फडक्यानं पुसून घेतली, दाजी. चारी काचा दोन-दोन बोटं खाली करतो. पावसाची सर आली तर उतारू जरा भिजतील.

धर्माजी : भिजू देत. बोट?

रघू : भोंगा न्हाय झाला अजून. ओहोटी हाय, उशिरा लागंल ती. मी गाठतो.

धर्माजी : मग उभा का? ही चावी. घे.

रघू : दाजी, वैद्याकडं एकदा डोळं दाखवून येऊ का? म्हंजे तुमची पन खात्री.

धर्माजी : तो बांधावरचा बगळा आहे का अजून?

रघू : हाय. दोन्ही पाय खाली टाकलेत आता. तोंडात काय तरी वळवळतंय.

धर्माजी : मला तर तिथं नुसता पांढरा ठिपका दिसतो. वैद्याकडं मीच जातो. तू बोटीला जा.

मनुबाई : सावकाश जा रं. पोयनाडपाशी हारन मार.

रघू : मारतो. बाय, पुढची काच बग. पार आरपार दिसतंय!

मनुबाई : बगितलं. जा आता.

धर्माजी : गेला. बघ, वळणावर कशी अलगद घेतली. मनू, आजपासून हे गाडीखान्याचं दार रात्री पण उघडं ठेवायचं. वारा आरपार गेला पाहिजे. चोर आला तर येऊ दे.

मनुबाई : ऱ्हातंय कुटं उघडं! खाडीचा वारा आला की आपटतं. टेकू पायजे काय तरी.

धर्माजी : बघ एखादं फळकूट.

मनुबाई : फळकूट कशाला? बाबाची काठी हाय की घरात. चांगली मजबूत हाय, आन् दुसऱ्या कुनाला नकोय.